आईला मिशनची बाग दाखवायची आहे: कापिस्त्रानो, सांता बार्बरा की ला पुरिसिमा?

अबोली

नमस्कार. आई जानेवारीत पाच महिन्यांसाठी आमच्याकडे कॅलिफोर्नियातल्या अर्वाइनला आली आहे. वय ६९. गुडघे दुखतात, अर्धा तास चालली की टेकायला काहीतरी लागतं. समुद्र बघून झाला, दुकानं बघून झाली, दोन्हींचं तिला फारसं काही वाटलं नाही. ती रमते झाडांत. रोज संध्याकाळी आम्ही फेरी मारतो तेव्हा प्रत्येक कुंपणाशी थांबून हे काय, ते काय, असं चालू असतं. मागच्या आठवड्यात ती एका मोठ्या झाडाखाली थांबली. बारीक पानांच्या फांद्या पार खालपर्यंत लोंबलेल्या, गुलाबी दाण्यांचे घोस. पान चुरगळून हुंगलं आणि म्हणाली, "मिरीचा वास येतोय गं."

घरी येऊन शोधलं. त्याला इथे पेपर ट्रीच म्हणतात, ते मूळचं पेरू देशाकडचं. कॅलिफोर्नियातलं पहिलं पेपर ट्री सॅन लुईस रे नावाच्या जुन्या स्पॅनिश मिशनमध्ये (मिशन म्हणजे पाद्र्यांनी धर्मप्रसारासाठी उभारलेली वसाहत) १८३० साली लावलं गेलं आणि ते अजून उभं आहे. तिथून मी मिशनांच्या वाचनात शिरले. १७६९ ते १८२३ या काळात सॅन दिएगोपासून सोनोमापर्यंत फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी २१ मिशनं उभारली, एवढं आता कळलंय. फोटो बघितले तर सगळीकडे कारंजी, गुलाब, बोगनवेल. आईला आवडेल यात शंका नाही.

पण वाचता वाचता हेही कळलं की या बागांच्या शेजारीच इथल्या मूळच्या लोकांची हजारोंनी पुरलेली माणसं आहेत. आईला इंग्रजी येत नाही. तिथले फलक मी वाचणार आणि मी सांगेन तेच तिला कळणार. फुलं दाखवून परत आणलं तर ते मला फसवल्यासारखं वाटेल. तर दोन गोष्टी विचारते. एकच दिवस हाताशी असेल तर कुठलं मिशन? आणि तिथे उभं राहून तिला नेमकं काय दाखवू, काय सांगू?

निशिगंध

अबोली, तुम्ही अर्वाइनला आहात म्हणजे सॅन हुआन कापिस्त्रानो वीस-पंचवीस मिनिटांवर. गाडीचा त्रास नको असेल तर रेल्वेने जा. स्टेशनपासून मिशन चालत पाचेक मिनिटं. चौकातल्या कारंज्यात कमळं आहेत, मोठे रंगीत मासे आहेत, आणि भोवती बाकं भरपूर. तुमच्या आईंच्या गुडघ्यांना हेच सोयीचं.

माझी मुलगी चौथीत असताना आम्ही तिथे चार वेळा गेलो. इथे चौथीला कॅलिफोर्नियाचा इतिहास असतो आणि मिशनचं मॉडेल करायची जुनी रीत होती, बहुतेक मुलं साखरेच्या चौकोनी वड्यांच्या भिंती रचत. कापिस्त्रानोच्या मोठ्या दगडी चर्चचे अवशेष बघितले आणि आमचं मॉडेल अडलं. नऊ वर्षं खपून १८०६ साली ते चर्च पुरं झालं होतं. ८ डिसेंबर १८१२ ला सकाळी मास, म्हणजे चर्चमधली सामूहिक प्रार्थना, चालू असताना भूकंप झाला आणि छत खाली आलं. प्रार्थनेला आलेली ४० माणसं गेली, शिवाय घंटा वाजवणारी दोन मुलं. मरणारे तिथल्या अहाश्मेन जमातीचे होते, ज्यांनी दरीतून दगड वाहून ते चर्च बांधलं तेच. पडलेली बाजू मॉडेलमध्ये कशी दाखवायची यावर आमच्या घरी दोन संध्याकाळी बोलणं झालं. शेवटी मुलीने अर्धंच चर्च केलं आणि उरलेल्या वड्या जमिनीवर तशाच पसरून चिकटवल्या. आईंना आधी हे उघडं पडलेलं चर्च दाखवा, मग कारंज्याशी बसवा. क्रम उलटा झाला तर त्या दगडांकडे फक्त छान अवशेष म्हणून बघितलं जातं.

आणखी एक. त्या मेपर्यंत आहेत म्हणजे १९ मार्च, संत जोसेफचा दिवस, सापडेल. अर्जेंटिनाकडून भिंगऱ्या, म्हणजे पाकोळ्यांसारखे छोटे पक्षी, परत येतात म्हणून त्या दिवशी घंटा वाजवतात. पूर्वी त्या चर्चच्या भग्न कमानींना चिखलाची घरटी लटकवत. १९९० च्या दशकात पडझड थांबवण्याचं काम झालं तेव्हा घरटी काढावी लागली आणि त्यांचं येणं खूप रोडावलं. दिसल्या तर भाग्य म्हणायचं.

पाटकरी

अबोलीताई, तुमचा दुसरा प्रश्न वाचून लिहायला बसलो. मी पाटबंधारे खात्यात ३१ वर्षं नोकरी केली, सगळी कालव्यांवर. मुलगा गोलेटाला असतो, हिवाळ्यात आम्ही दोघं त्याच्याकडे येतो. सांता बार्बराचं मिशन त्याच्या घरापासून पंधरा मिनिटांवर, त्यामुळे माझं सांगणं त्याच मिशनबद्दल आहे.

पहिल्या वर्षी गेलो तेव्हा मला ते आवडलं नाही. सुंदर होतं, पण कुणीतरी सजवून ठेवलेलं. गुलाबाच्या वाफ्यांपाशी बसलो, चहाची आठवण काढली, परत आलो. दुसऱ्या खेपेला समोरच्या कारंज्याच्या खालच्या अंगाला एक लांबट दगडी हौद दिसला. त्याच्या टोकाला दगडात कोरलेलं पहाडी सिंहाचं तोंड. हा धुण्याचा हौद, स्पॅनिशमध्ये लाव्हान्देरिया. कारंजं १८०८ सालचं, हौद त्याच वेळचा. कारंजं भरून वाहिलं की पाणी हौदात यायचं. कालव्यावरच्या माणसाला असं काही दिसलं की पहिला प्रश्न एकच पडतो: पाणी आलं कुठून? त्या दिवसापासून मी त्या पाण्याच्या मागे चालत वर गेलो आणि मिशन मला तेव्हा कळलं.

मागे, डोंगराच्या दिशेने, दीडेक मैलावर सांता बार्बराचं वनस्पती उद्यान आहे. त्यात ओढ्यावर एक दगडी बंधारा आहे, १८०७ सालचा. चुमाश लोकांनी बांधलेला. या खोऱ्यात हजारो वर्षं राहणारे ते लोक. बंधाऱ्याच्या बाजूने पाट काढलेला आहे, दगडात बांधलेला, आणि तो डोंगराच्या कुशीने मिशनपर्यंत आणला आहे. आता सलग नाही, तुकड्यांत दिसतो. मी त्याच्या कडेला उभा राहून डोळ्यांनी लेव्हल काढायचा प्रयत्न केला. पाटाला उतार जास्त दिला तर पाणी काठ खातं, कमी दिला तर गाळ बसतो. तो मधला उतार साधणं हेच सगळं कसब. ज्यांनी तो दोनशे वर्षांपूर्वी साधला त्यांच्यातल्या एकाचंही नाव तिथे कोरलेलं नाही.

मिशनसमोर रस्ता ओलांडला की शहराचं उद्यान लागतं. लोक तिथे गुलाबांसाठी जातात, हजारावर रोपं आहेत आणि एप्रिलपासून फुलतात. पण त्याच उद्यानाच्या वरच्या बाजूला अवशेष आहेत: पाण्याचा साठवण हौद, पाणी गाळायची छोटी दगडी खोली, पाणचक्की, कातडी कमावायचे हौद. तिथे फार कुणी थांबत नाही. तुम्ही थांबा. आईंना सांगा की हे पाणी आधी प्यायला, मग धुण्याला, दळणाला, कातड्याला आणि मळ्याला जात होतं.

आता मुख्य मुद्दा. मिशनमध्ये बाग नव्हती. मळा होता. स्पॅनिशमध्ये दोन वेगळे शब्द आहेत: हार्दिन म्हणजे बाग, उएर्ता म्हणजे मळा. जुन्या नोंदी उएर्ताबद्दल बोलतात. द्राक्षं, ऑलिव्ह, अंजीर, डाळिंब, नाशपाती, संत्री, शेंगा, भोपळे, मका. कुंपणाला फड्या निवडुंग. आज आपण ज्याला बाग म्हणून बघतो तो आतला चौक म्हणजे कामाची जागा होती. तिथे लोक विणत, सुतारकाम करत, चामडं शिवत. जमीन तुडवलेली, धुळीची. तिथे फुलझाडं लावली गेली १८७२ मध्ये, फादर रोमो यांच्या वेळी, म्हणजे मेक्सिकोने मिशनांची जमीन काढून घेतल्यालाही जवळजवळ चाळीस वर्षं उलटल्यावर. पुढे अनेक वर्षं त्या चौकात बायकांना प्रवेश नव्हता. आईंना चौकात बसवून हे आवर्जून सांगा. जिथे त्या बसल्या असतील तिथे एके काळी त्यांना पाऊल टाकता आलं नसतं.

ही नंतरची बाग इतकी लोकांच्या मनात बसली की बाकीच्या मिशनांनीही आपापले चौक तसेच सजवले. फोटोत तुम्ही बघितलंत ते सगळं या वळणाचं आहे. वाईट नाही. मीही तिथे बसतो. पण ती मिशनच्या काळची बाग समजून कुणी परतलं तर मला मनापासून वाईट वाटतं, कारण मग मळा करणारे हात दिसतच नाहीत.

ते हात कसे राबत होते तेही सांगायला हवं. एकदा बाप्तिस्मा झाला की परवानगीशिवाय मिशन सोडता येत नव्हतं. पळून गेलेल्यांना शिपाई पकडून आणत, फटके बसत. लग्न न झालेल्या मुलींना रात्री एका दालनात कुलूप लावून ठेवत. आजार तर असा पसरला की १८०६ च्या गोवराच्या साथीत मिशनांमध्ये लहान मुलं आणि बाळंतिणी फार गेल्या. बंधारा त्याच्या पुढच्या वर्षीचा. मी त्या दगडांवर हात ठेवला की ही दोन सालं शेजारी शेजारी आठवतात.

चर्चच्या बाजूला दफनभूमी आहे. सुमारे ४,००० चुमाश तिथे पुरले आहेत. मध्ये एक अवाढव्य झाड, मोर्टन बे फिग, आपल्या वडाच्याच कुळातलं, मूळचं ऑस्ट्रेलियाचं. १८९० च्या सुमारास लावलेलं. म्हणजे तेही मिशनच्या काळचं नाही. पण त्याची मुळं ज्या मातीत गेली आहेत ती माती कोणाची, हे आईंना सांगायला शब्द शोधावे लागणार नाहीत.

तिथेच भिंतीवर एक पाटी आहे. हुआना मारिया नावाच्या बाईची. सॅन निकोलस नावाचं बेट किनाऱ्यापासून साठेक मैल आत आहे. १८३५ मध्ये तिथल्या लोकांना जहाजाने मुख्य भूमीवर आणलं आणि ती मागे राहिली. १८ वर्षं एकटी. १८५३ मध्ये तिला सांता बार्बराला आणलं. तिची भाषा समजणारं एकही माणूस सापडलं नाही, असं सांगतात. ती सात आठवड्यांत गेली. हुआना मारिया हे नावही मरताना दिलेलं, तिचं खरं नाव कुणालाच कळलं नाही. ही पाटी वाचून दाखवा.

सोयीचं सांगतो. समोरचं कारंजं, धुण्याचा हौद आणि पलीकडचं उद्यान बघायला तिकीट नाही. आतला चौक, दफनभूमी, चर्च आणि संग्रहालयाला आहे. मिशनच्या मागे मिशनकाळातल्या जातींची झाडं गोळा करून २००३ पासून एक उएर्ता पुन्हा उभी केली आहे. ती सगळ्या वेळी उघडी नसते, म्हणून जाण्याआधी फोन करून विचारा. मिळाली तर बाकी काही सुटलं तरी चालेल. वनस्पती उद्यानातला बंधारा आईंना जमणार नाही. वाट उतरती आणि दगडाधोंड्यांची आहे. तुम्ही एकट्या पळत जाऊन फोटो काढून आणा.

अबोली

काका (काका म्हटलं तर चालेल ना?), तुमचं उत्तर मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. पाटाच्या उताराच्या वाक्यावर तिने मला थांबवलं आणि परत वाचायला लावलं. माझे आजोबा पाटाच्या पाण्यावर ऊस घेत, रात्रीच्या पाळीला आई कंदील घेऊन दारं मोडायला, म्हणजे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायला, जायची. मला हे माहीतच नव्हतं. ३८ वर्षांत तिने कधी सांगितलं नव्हतं.

आणि मला अहो-जाहो करू नका.

कोरफड

थोडं वेगळं मत मांडते. काका सांगतात ते पटतं, पण ते दिसायला सांता बार्बरात खूप शोधावं लागतं. चारी बाजूंना गुलाब, हिरवळ, लग्नाचे फोटो. अबोली, एक जास्तीचा दिवस काढता आला तर लोमपोकजवळच्या ला पुरिसिमाला जा. तिथे मिशन शहरात बुडालेलं नाही. सरकारी ऐतिहासिक उद्यान आहे, सुमारे दोन हजार एकर, डोंगर आणि ओक. आपल्या डोळ्यांना तिथे पहिल्यांदा कळतं की मिशन म्हणजे चर्च नव्हे, एक पूर्ण वसाहत.

पहिलं मिशन लोमपोक गावाच्या जागी होतं. २१ डिसेंबर १८१२ च्या भूकंपात ते कोसळलं (कापिस्त्रानोनंतर तेराच दिवसांनी) आणि पुढच्या वर्षी आताच्या जागी हलवलं. इथल्या इमारती चौकाभोवती नाहीत, एका रांगेत आहेत. आज उभं आहे ते मात्र पुन्हा बांधलेलं. महामंदीच्या काळात, १९३४ पासून, सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर या सरकारी रोजगार योजनेतल्या तरुण मुलांनी हाताने मातीच्या विटा पाडून ते उभारलं. उद्घाटनाचा दिवस ७ डिसेंबर १९४१, पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याचाच. तिथली बागही त्याच मुलांच्या वेळची. जुन्या मिशनांच्या जागांवरून कलमं आणि रोपं आणून कारंजं आणि धुण्याच्या हौदांभोवती लावली. त्यामुळे तिथे जे दिसतं त्याच्या जाती जुन्या आहेत, मांडणी नवी. हे मनात ठेवून बघितलं की त्रास होत नाही.

मुलींना कोंडायचं दालन तिथे बघता येतं. आणि हेही सांगा की हे लोक गप्प बसले नव्हते. फेब्रुवारी १८२४ मध्ये शेजारच्या सांता इनेस मिशनमध्ये ला पुरिसिमाच्या एका चुमाश माणसाला फटके मारले आणि उठाव पेटला. ला पुरिसिमा चुमाशांनी ताब्यात घेतलं, लाकडाच्या तटबंद्या उभारल्या आणि जवळजवळ महिनाभर धरून ठेवलं. मॉन्टेरेहून फौज आली तेव्हा ते पडलं. सांता बार्बराचे लोकही उठले आणि डोंगर ओलांडून आतल्या खोऱ्यात निघून गेले. मला बागेच्या गोष्टीत हे हवंच असतं, नाहीतर राबणारे हात म्हणजे फक्त सोसणारे हात होतात.

मी वनस्पतिशास्त्र शिकले, म्हणून एक माझ्या आवडीची गोष्ट. मिशनकाळी काय उगवत होतं ते कसं कळलं? भिंतींमधून. मातीच्या विटांत गवत, काड, शेण मिसळायचे. १९२०-३० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठातले जॉर्ज हेंड्री यांनी जुन्या मिशनांच्या विटा पाण्यात विरघळवून त्यातली बियाणी वेगळी काढली. गहू आणि सातू तर निघालेच, सोबत युरोपातून आलेली तणंही निघाली. आज डोंगरांवर जे पिवळं वाळकं गवत दिसतं त्यातलं बहुतेक असंच परकं आहे. मळ्याबरोबर तण आलं, तणाने कुरणं घेतली, आणि चुमाश बायका ज्या रानातून बिया गोळा करत ते रान गेलं. मिशनकडे ओढलं जाण्याचं ते एक मोठं कारण होतं. उपाशी राहून किती दिवस काढणार?

दुपारी लोमपोकला वारा बोचरा असतो, आईंना शाल हवीच. पायवाटा सोडून गवतात शिरू नका, पॉयझन ओक आहे, पान लागलं तर आठवडाभर खाज.

पाटकरी

कोरफड, उठावाचं तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. माझ्या लिहिण्यात ते यायला हवं होतं. मी पाण्याच्या नादात राहिलो.

ला पुरिसिमाची पाण्याची मांडणी सांता बार्बरापेक्षा स्पष्ट दिसते, हे खरं. डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी पाटाने आणि भाजलेल्या मातीच्या नळांनी आणलं, कारंज्यात सोडलं, तिथून धुण्याच्या हौदांत, आणि उरलेलं पुढे शेताला. एक थेंब नुसता सोडलेला नाही. मी तिथे गेलो तेव्हा बायको म्हणाली, तुम्ही देवळात आल्यासारखे चालताय.

अबोली, आता तुला तूच म्हणतो. आईंना खाण्यातूनही हे जोडून देता येईल. दुकानात काळे सुके अंजीर मिळतात, पाकिटावर मिशन असंच लिहिलेलं असतं. ते याच मळ्यांतून आलेलं वाण. ऑलिव्हचंही मिशन नावाचं वाण आहे. द्राक्षाचं तर फार पुढचं कळलं. मिशन द्राक्ष म्हणून जे दीडशे-दोनशे वर्षं इथे लावत होते ते स्पेनमधलं लिस्तान प्रिएतो नावाचं जुनं वाण असल्याचं डीएनए तपासणीतून सिद्ध झालं. स्पेनच्या मुख्य भूमीवरून ते जवळपास नाहीसं झालं, इथे राहिलं.

आणि पेपर ट्रीपासून तुझं सुरू झालं, तर सॅन लुईस रे विसरू नकोस. अर्वाइनहून दक्षिणेला तासाभरावर. तिथल्या धुण्याच्या जागेला विटांच्या रुंद पायऱ्या उतरून जावं लागतं, खोलगट बागच आहे ती. आई वर बसतील, तू उतर. झाड आवारात आतल्या बाजूला आहे, विचारलं की दाखवतात.

अबोली

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. काल सांता बार्बराला जाऊन आलो. पहाटे साडेपाचला निघालो म्हणून रहदारी लागली नाही.

काकांच्या सांगण्याप्रमाणे आत न जाता आधी कारंज्याशी गेलो. आईने हौदाभोवती एक फेरी मारली. मग वाकून कडेच्या दगडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "ही कड आत उतरती केली आहे. कपडा घासायला." फलकावर पाण्याचं, सालाचं, सिंहाच्या तोंडाचं सगळं होतं, पण कडेचं हे मला तिने सांगितलं. गुडघे टेकून धुतलं तर पाठ कुठे भरते तेही दाखवलं. पुढे उद्यानातल्या हौदांपाशी ती बाकावर बसली आणि मी पाट शोधत वर गेले. दगडी तुकडा सापडला. फोटो आणून दाखवला तर म्हणाली, गाळ कोण काढायचं? वर्षातून एकदा तरी काढावाच लागतो. काका, हा प्रश्न तुमच्यासाठी.

उएर्ता मिळाली. फोन करून गेल्याचा फायदा झाला. तिथे आई शाळेतल्या मुलीसारखी झाली. अंजीर ओळखलं, डाळिंब ओळखलं, निवडुंग तर लगेच. दाखवणाऱ्या बाईंनी सांगितलं की निवडुंगाचा चीक चुन्यात घालून भिंतींना सफेदी देत. मी आईला मराठीत सांगितलं तर ती म्हणाली, आमच्या वाड्याच्या चुन्यात बेलफळ आणि गूळ घातला होता, सांग त्यांना. मी सांगितलं. त्या बाईंनी वही काढून लिहून घेतलं, आणि बेल म्हणजे काय हे समजावताना आम्हा दोघींची दमछाक झाली.

चौकात फुलं फार नव्हती. बायकांना येऊ देत नव्हते हे सांगितल्यावर आई काही बोलली नाही, पण मुद्दाम मधल्या कारंज्यापर्यंत चालत गेली आणि तिथेच थांबून राहिली.

दफनभूमीत मी ४,००० म्हणाले. तिने मोठ्या झाडाकडे बघितलं, चप्पल काढली. ऊन होतं, जमीन फार गार नव्हती. मग हुआना मारियाची पाटी. वाचून दाखवली, काकांनी लिहिलं होतं तेही सांगितलं. तिने दुसऱ्यांदा वाचायला लावलं. "सात आठवडे होती इथे, आणि तिचं बोलणं एकालाही कळलं नाही?" मी म्हटलं, हो. ती बराच वेळ तिथून हलली नाही. परतताना गाडीत बहुतेक वेळ गप्प होती, मग लॉस एंजेलिसच्या पुढे मला तिच्या लहानपणाच्या पाटाबद्दल सांगायला लागली. पाळी कशी लागायची, भांडणं कशी व्हायची, साप कुठे निघाला होता. घर येईपर्यंत बोलत होती.

मार्चमध्ये भिंगऱ्यांसाठी कापिस्त्रानोला जाऊ, आणि एप्रिलमध्ये ला पुरिसिमा. शाल घेतली आहे, कोरफड. काका, तुम्ही आणि काकू एप्रिलमध्ये अजून गोलेटालाच असाल का? आई विचारते आहे.